एचयूएस : मुलांची किडनी अचानक का बंद पडते?
हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम म्हणजेच एचयूएसमध्ये तांबड्या रक्तपेशी फुटतात, प्लेटलेट्स घटतात आणि किडनी निकामी होऊ लागते. जगभरात बहुतेक मुलांना तो ई-कोलाय जिवाणूच्या विषामुळे, जुलाबानंतर होतो.

'अटिपिकल' प्रकारात मात्र रोगप्रतिकारशक्तीच बिघडते. जंतू मारणाऱ्या 'कॉम्प्लिमेंट' प्रथिनांना 'फॅक्टर एच' हे प्रथिन आवर घालते. काही मुलांत कॉम्प्लिमेंटच्या जनुकांत दोष असतो. भारतातल्या अनेक मुलांत शरीर फॅक्टर एचविरुद्धच अँटिबॉडी बनवते. मग बेलगाम कॉम्प्लिमेंट किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा करते, तिथे गुठळ्या होतात.

अँटिबॉडी लवकर सापडल्यास प्लाझ्मा बदलून आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे देऊन किडनी वाचू शकते. म्हणून मूल फिकट दिसले, अंगावर सूज आली, लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.