बाहेरून

परवा माळा आवरताना मावशीची पुस्तकं सापडली, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची. समासात पेन्सिलीने हिशोब: दूध, रॉकेल, वाण्याची उधारी. आठवीत शाळा सुटलेली मावशी पूर्वतयारीची परीक्षा देऊन चाळिशीत बी.ए. झाली. तेव्हा मी पाहुण्यांसमोर शहाणपणाने म्हणालो होतो, "ती बाहेरून झालीये." ती काही न बोलता आत गेली. ते अजून टोचतं.

हे 'बाहेरून' प्रकरण आलं कुठून, म्हणून जरा शोधलं.

१८४० साली इंग्लंडमध्ये पेनी पोस्ट सुरू झालं. टपाल स्वस्त झालं आणि आयझॅक पिटमन टपालाने लघुलिपी शिकवू लागला. विद्यार्थी उतारे लिहून पाठवायचे, ते तपासून परत यायचे. १८५८ मध्ये लंडन विद्यापीठाने कॉलेजात न जाणाऱ्यांनाही परीक्षा खुली केली. पण बायकांना पदवीसाठी १८७८ पर्यंत थांबावं लागलं. म्हणजे 'बाहेर'च्यांतही आणखी बाहेरचे होतेच!

आपल्याकडे १९६२ साली दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा अभ्यासक्रम काढले. विद्यार्थी वाढत होते आणि कॉलेजं पुरत नव्हती. देणाऱ्याच्या दृष्टीने ही गर्दीवरची सोय होती. प्रवेशाची अटच सैल करायची हा विचार वेगळा. तो ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने १९६९ मध्ये रुजवला. मग १९८२ मध्ये आंध्र प्रदेशात आपलं पहिलं मुक्त विद्यापीठ निघालं, १९८५ मध्ये दिल्लीला इग्नू आणि १९८९ मध्ये नाशिकचं. राम ताकवले तिथले पहिले कुलगुरू. ब्रीद होतं 'ज्ञानगंगा घरोघरी'.

देणाऱ्यांची कारणं अशी बदलत गेली: कधी धंदा, कधी गर्दी, कधी धोरण. घेणारे मात्र साधारण तेच राहिले. नोकरी सोडता न येणारे, गाव सोडता न येणारे, स्वयंपाकघर सोडता न येणाऱ्या. वर्ग त्यांच्यासाठी थांबला नव्हता, एवढंच. कॉलेजात मागच्या बाकावर झोपा काढून मी जी पदवी मिळवली तिला कोणी 'आतून' म्हणत नाही. का बरं?

असो. मावशीला फोन करून विचारलं, पुस्तकं ठेवू का? मागचंही बोलायचं होतं, पण तिनेच तोडलं.

"ठेव की. आणि त्यात माझं पदवीचं सर्टिफिकेट आहे का बघ. दोन वर्षं शोधतेय मेलं!"

शोधतोय.