कथेचा कित्ता: आवडत्या कथेवर प्रसंग बेतून लेखन कसे शिकतात?

आवडलेल्या कथेतला एखादा प्रसंग निवडायचा, त्यात काय कोणत्या क्रमाने घडते याचे टिपण काढायचे, पुस्तक बाजूला ठेवायचे, टिपणावरून तोच प्रसंग आपल्या शब्दांत लिहायचा आणि मग मूळ पानाशी ताडून पाहायचा. कथालेखन शिकण्याची ही एक जुनी पद्धत आहे. शाळेत आपण कित्ता गिरवतो तसेच हे. फक्त इथे गिरवताना कित्ता डोळ्यांपुढे नसतो.

निबंधलेखनासाठी बेंजामिन फ्रँकलिनने हीच युक्ती अठराव्या शतकात वापरली होती. कथेच्या बाबतीत मात्र रेमंड चँडलरचे उदाहरण अधिक बोलके आहे.

नोकरी गेल्यावर गिरवलेला कित्ता

१९३२ साली, महामंदीच्या काळात, लॉस एंजेलिसमधल्या एका तेल कंपनीतली चँडलरची मोठ्या पगाराची नोकरी गेली. दारू आणि गैरहजेरी ही त्याची कारणे. वय ४४. स्वस्त कागदावर छापल्या जाणाऱ्या रहस्यकथांच्या मासिकांत लिहून पोट भरावे, असे त्याने ठरवले. भाषेवर त्याची पकड होती, पण कथा पुढे कशी सरकवायची हे येत नव्हते. म्हणून त्याने अर्ल स्टॅन्ली गार्डनरची एक कथा घेतली. हा गार्डनर म्हणजे पुढे पेरी मेसनमुळे जगभर गाजलेला लेखक. चँडलरने त्या कथेचे सविस्तर टिपण काढले, त्यावरून कथा पुन्हा लिहिली, मूळ कथेशी ताडली आणि परत लिहिली. १९३९ साली खुद्द गार्डनरला लिहिलेल्या पत्रात त्याने हे सांगितले आहे. एवढी मेहनत घेतलेली ती कथा विकता येणार नाही, याचे त्याला थोडे वाईटही वाटले होते.

यातून काय हाती आले, तेही त्याने लिहिले आहे. अशक्य कोटीच्या सीमेवरचे प्रसंग गार्डनर असे रचतो की वाचताना ते खरेच वाटतात. त्याच्या तंत्राचा सर्वांत अवघड भाग हाच, हे चँडलरला तुलनेतून कळले. नुसत्या वाचनातून हे सहसा कळत नाही, कारण वाचताना आपण त्या प्रसंगावर विश्वास ठेवून पुढे गेलेलो असतो.

डिसेंबर १९३३ मध्ये ‘ब्लॅक मास्क’ मासिकात त्याची पहिली रहस्यकथा छापून आली. सुमारे १८,००० शब्द, पाच महिन्यांचे काम, मोबदला १८० डॉलर. पुढे चँडलर ओळखला गेला तो त्याच्या वाक्यांसाठी, आणि ती वाक्ये गार्डनरची नव्हती. जे आपल्याकडे नाही तेवढेच त्याने दुसऱ्याकडून उचलले. कित्ता निवडताना अनेकजण नेमके उलटे करतात: ज्याची भाषा आवडते त्याचीच भाषा गिरवत बसतात.

टिपण कसे काढावे?

समजा, एका कथेत पाहुणा उसने पैसे मागायला आला आहे. टिपण साधारण असे होईल: पाहुणा पावसाविषयी बोलतो. यजमान बोलता बोलता कपाटाची किल्ली खिशात टाकतो. चहा येतो. यजमान आधीच स्वतःच्या अडचणी सांगू लागतो. पाहुणा उठतो. पैशांचा शब्दही निघत नाही.

‘यजमान कंजूष आहे’ असे टिपण निरुपयोगी. तो काय करतो ते हवे, कारण प्रसंग त्या किल्लीवर उभा आहे. टिपणात मूळची वाक्येही नकोत. ती आली की लिहिताना आपण आठवत बसतो, रचत नाही. टिपण काढल्यावर चार-सहा दिवस जाऊ द्यावेत.

चँडलरने तीच कथा पुन्हा लिहिली. त्याच्या पुढची पायरी म्हणजे माणसे आणि जागा बदलणे. पाहुण्याऐवजी कारखान्यातला कामगार घ्या. त्याला बहिणीच्या लग्नासाठी रजा हवी आहे. सुपरवायझर रजेचे रजिस्टर खणात सरकवतो आणि किती माणसे कमी आहेत ते सांगू लागतो. लिहून झाल्यावर मूळ पान उघडा. बहुधा दिसेल की आपल्या कामगाराने तिसऱ्याच ओळीत रजा मागून टाकली आहे आणि सुपरवायझरने तिसऱ्याऐवजी चौथ्या ओळीत नाही म्हटले आहे. मूळ लेखकाने पानभर जे दाबून धरले, ते आपल्याच्याने का धरवले नाही, हे शोधणे हाच खरा धडा. यासाठी पूर्ण कथा लागत नाही. दीड-दोन पानांचा प्रसंग पुरतो.

ही चोरी ठरते का?

वहीतल्या सरावाने कोणाचे काही जात नाही. छापण्याची वेळ आली की प्रश्न येतो. भारतात कथेवरचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. मात्र कल्पना, विषय किंवा कथानक यांवर असा हक्क नसतो. तो मांडणीवर असतो. ‘हम हिंदुस्थानी’ हे नाटक आणि ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली हेच सांगितले आणि निकाल चित्रपटाच्या बाजूने दिला. किल्ली खिशात टाकणारा यजमान तसाच, त्याच संवादांसह आपल्या कथेत आला तर अडचण आहे. मागायला आलेला माणूस न मागताच परत जातो, ही घडण मात्र कोणालाही वापरता येते.