कॉर्ड (पियानो व पेटी)

कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजवलेल्या, सामान्यतः तीन किंवा अधिक भिन्न स्वरांचा समूह होय. पाश्चात्त्य संगीतातील स्वरसंवादाचा (हार्मनीचा) हा पाया मानला जातो. पियानो, कीबोर्ड, गिटार व अकॉर्डियन या वाद्यांच्या प्राथमिक शिक्षणात कॉर्डना महत्त्वाचे स्थान आहे. महाराष्ट्रात बहुतेक विद्यार्थ्यांची पट्ट्यांशी पहिली ओळख पियानोवर होत नाही, ती पेटीवर (हार्मोनियमवर) होते. बीड जिल्ह्यातील केजसारख्या तालुक्याच्या गावीही पेटी ही भजनाच्या साथीमुळे परिचित असते.

रचना

सप्तकातील १२ पट्ट्यांपैकी लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतरास अर्धस्वर म्हणतात. अंतर मोजताना पांढऱ्या व काळ्या अशा दोन्ही पट्ट्या धरल्या जातात. ज्या स्वरावर कॉर्ड उभी राहते तो मूळ स्वर होय. तीन स्वरांच्या कॉर्डचे चार प्रमुख प्रकार असे :

* मेजर : मूळ स्वरापासून ४ व त्यापुढे ३ अर्धस्वर (सा, शुद्ध ग, प)
* मायनर : ३ व ४ अर्धस्वर (सा, कोमल ग, प)
* डिमिनिश्ड : ३ व ३ अर्धस्वर (सा, कोमल ग, तीव्र म)
* ऑगमेंटेड : ४ व ४ अर्धस्वर (सा, शुद्ध ग, कोमल ध)

पेटीवरील प्रचलित नावांनी सांगायचे तर काळी एकची मेजर कॉर्ड काळी एक, पांढरी चार व काळी चार या पट्ट्यांनी होते. मधली पट्टी पांढरी चारऐवजी पांढरी तीन घेतली की तीच मायनर होते.

शुद्ध स्वरांच्या सप्तकात सा, म व प यांवर मेजर, रे, ग व ध यांवर मायनर आणि नी वर डिमिनिश्ड कॉर्ड तयार होते. पांढरी एक हा षड्ज मानल्यास या सातही कॉर्ड केवळ पांढऱ्या पट्ट्यांवर वाजतात. म्हणून नवशिक्यांना आरंभी हीच पट्टी दिली जाते.

ओळखण्याची पद्धत

मेजर व मायनर यांतील भेद मधल्या स्वरावर, म्हणजे गंधारावर, अवलंबून असतो. शुद्ध व कोमल गंधार गाऊन ओळखता येणाऱ्या विद्यार्थ्यास हा भेद कानाने लवकर उमगतो.

कॉर्डमधील स्वरांचा क्रम बदलला तरी तिचे नाव बदलत नाही. सा-ग-प, ग-प-सा व प-सा-ग ही एकाच मेजर कॉर्डची तीन रूपे असून त्यांतील अंतरे अनुक्रमे ४-३, ३-५ व ५-४ अशी येतात. सर्वांत खालचा स्वर हाच मूळ स्वर समजणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. अंतरांत ५ आल्यास त्या अंतराचा वरचा स्वर मूळ स्वर असतो. हा नियम मेजर व मायनर या दोहोंना लागू पडतो.

रागसंगीत व कॉर्ड

रागसंगीत स्वरांच्या क्रमिक विस्तारावर उभे असल्याने कॉर्डचा वापर तेथे जपून करावा लागतो. भूप रागात म व नी वर्ज्य आहेत. त्यामुळे त्याच्या पाच स्वरांतून सा-ग-प ही मेजर व ध-सा-ग ही मायनर अशा दोनच कॉर्ड निघतात. पंचमावर नेहमीची मेजर कॉर्ड (प-नी-रे) दिल्यास वर्ज्य निषाद येतो व रागाचे स्वरूप बिघडते.

स्वरमेळणीचाही प्रश्न आहे. पियानोवर सप्तकाचे १२ समान भाग केलेले असल्याने शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो. तानपुऱ्यात ऐकू येणारा स्वयंभू गंधार सुमारे ३८६ सेंटवर असतो. पट्टीवाद्यांच्या ठरावीक स्वरांवरील व मींड न निघण्यावरील आक्षेपांमुळे आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली होती. १९७१ मध्ये ती अंशतः उठली.

पेटीवर डावा हात भात्यात गुंतलेला असल्याने कॉर्ड केवळ उजव्या हाताने वाजवता येते. पियानोवर मात्र डाव्या हाताने कॉर्ड व उजव्या हाताने चाल वाजवण्याची पद्धत आहे.

चित्रपटसंगीतातील प्रसार

पोर्तुगीज राजवटीत गोव्यातील चर्चच्या शाळांमधून पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवले जाई. तेथे घडलेले अनेक वादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले व संगीतकारांच्या चालींना कॉर्डची जोड देणारे संयोजक म्हणून त्यांनी काम केले. सेबॅस्टियन डिसोझा आणि अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे त्यांतील प्रमुख होत. गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवले. पुढे लक्ष्मीकांत–प्यारेलाल या जोडीमुळे प्यारेलाल यांचे नाव सर्वत्र झाले.