ओआरएसचं पाकीट आलं कुठून?

ट्रिपवरून घरी आलात, दुसऱ्या दिवशी पोट बिघडलं, बाथरूमच्या फेऱ्या सुरू, आणि वर डोकं ठणकतंय. मेडिकलवाला काय देतो? ओआरएसचं पाकीट. जुलाबांतून पाणी आणि मीठ निघून जातं, अंग कोरडं पडतं, म्हणून बऱ्याचदा डोकंही धरतं. हे पाकीट घरोघरी पोहोचण्यामागेही एक प्रवासच आहे. फक्त ती ट्रिप नव्हती.

साल 1971. पूर्व पाकिस्तानात लष्कराचे अत्याचार सुरू झाले आणि जीव मुठीत धरून लाखो माणसं भारतात आली. कित्येक जण तर पायी. पश्चिम बंगालच्या सीमेवर बनगाव आहे, तिथल्या छावण्यांत गर्दी, पाऊस, घाण पाणी. मग कॉलरा आला. आपल्याकडे याला पटकी म्हणायचे. गावोगावच्या मरीआईच्या देवळांमागे याच रोगाची भीती आहे, आणि एकोणिसाव्या शतकात पंढरीच्या वारीलाही त्याचा तडाखा बसायचा.

जूनमध्ये कलकत्त्याहून बालरोगतज्ज्ञ दिलीप महालनबीस तिथे पोहोचले. हॉस्पिटलच्या दोन खोल्या, रुग्ण जमिनीवर पडलेले. सलाईन लावायचं तर त्या घाणीतच गुडघे टेकून बसायचं. बरं, सलाईन तरी किती पुरणार? बाटल्या संपत आल्या, आणि ती लावता येणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

मीठ-साखरेचं पाणी पाजून कॉलराचा रुग्ण सावरतो, हे 1968 मध्ये ढाक्यात डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश यांनी दाखवलं होतं. पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हॉस्पिटलात. छावणीत कोण देखरेख करणार? तरी महालनबीसांनी ठरवलं. एक लिटर पाण्याला 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा. कलकत्त्यात पुड्या बांधल्या, छावणीत पिंपात पाणी कालवलं, पिंपाला नळ लावला. आणि पेला दिला आईच्या, भावाच्या, नवऱ्याच्या हातात. मला विचाराल तर खरं धाडस इथे होतं. नर्स नाही, सुई नाही, घरचं माणूसच औषध पाजतंय!

छावण्यांत आधी शंभरातले तीसेक रुग्ण दगावत होते. महालनबीसांच्या केंद्रात हे प्रमाण 3.6 टक्क्यांवर आलं. खर्च लिटरमागे 11 पैसे. तरीही डॉक्टर मंडळींना पटायला वेळ लागला. 1978 मध्ये मात्र 'लॅन्सेट'ने या उपचाराला शतकातला कदाचित सर्वात मोठा वैद्यकीय शोध म्हटलं.

आता प्रश्न, साखर कशाला? आतड्याच्या भिंतीत एक दार आहे, त्यातून मीठ आणि ग्लुकोज जोडीनेच आत जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी. जुलाब कितीही होवोत, हे दार चालू राहतं. म्हणून नुसतं पाणी पुरत नाही. आणि कोल्ड्रिंक? त्यात साखर इतकी की ती उलट पाणी आतड्यात ओढते, जुलाब वाढतात. ओआरएस नाव छापलेल्या गोड खोक्यांचंही तेच. 2025 मध्ये आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने असं नाव वापरायला बंदी केली, ती याचसाठी.

आजची पावडर थोडी बदललेली आहे, साखर-मीठ कमी, सोबत पोटॅशियम. लिटरचं पाकीट असेल तर सगळं एका लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. अर्धं पाकीट, अंदाजे पाणी, असं नको. घोट घोट प्या, उरलेलं चोवीस तासांनी फेकून द्या. ताप चढला, शौचातून रक्त पडलं, मान आखडली, लघवी होईनाशी झाली किंवा पोटात काहीच टिकेना, तर थेट डॉक्टर गाठा, आणि कुठून फिरून आलात ते आधी सांगा.

महालनबीस 2022 मध्ये गेले. पद्मविभूषण जाहीर झालं 2023 मध्ये, मरणोत्तर.