महू छावणी, इंदूरची दिवाळी आणि लोकारोग्याचा इतिहास

माळव्याच्या पठाराची दक्षिण सीमा जेथे विंध्याद्रीच्या कड्यांशी येऊन थबकते, तेथे जानापाव नामक डोंगराच्या सान्निध्यात महू हे नगर वसलेले आहे. जमदग्नी ऋषींचा आश्रम या डोंगरावर होता अशी जनश्रुती असून चर्मण्वती, म्हणजेच चंबळ नदी, येथेच उगम पावते. नगर म्हणून मात्र महूचे वय फार नाही. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरच्या रणांगणावर होळकरांचा पराभव झाला, जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला, आणि त्या तहानंतर इंदूरपासून वीस-बावीस किलोमीटरांवर इंग्रजांनी आपली छावणी घातली. तेव्हापासून या दोन गावांचा संसार शेजारी-शेजारी, परंतु निराळ्या रीतीने चालला. एकीकडे होळकरांची राजधानी, तिचे वाडे, बोळ, पेठा आणि खान व सरस्वती या नद्यांचे घाट. दुसरीकडे दोरी धरून आखलेले रस्ते, बराकी, कवायतीची मैदाने आणि सदर बाजार. आरोग्यरक्षणाच्या दोन भिन्न पद्धतीही या दोन गावी शेजारी-शेजारी नांदल्या. सांप्रत आरोग्याचे उपक्रम घरोघरी पोहोचविण्याची भाषा सर्वत्र ऐकू येते. म्हणून या इतिहासाकडे थोडे सावकाश पाहणे उचित होईल.

छावणीचे आरोग्य हे हुकुमाचे आरोग्य होते. हिंदुस्थानातील गोऱ्या सैन्याच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी १८५९ मध्ये नेमलेल्या राजकीय आयोगाने १८६३ मध्ये आपला अहवाल दिला. त्यात असे आढळले की, येथील गोरे शिपाई दर हजारी वर्षास सुमारे ६९ या प्रमाणात मरत होते, आणि त्यांतील बहुतेक लढाईने नव्हे, तर पटकी, हगवण आणि तापाने मरत होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल या विदुषीने याच आकड्यांवरून सरकारास धारेवर धरले. पुढच्याच वर्षी, १८६४ मध्ये, छावण्यांचा कायदा झाला. पाणी कोठून घ्यावे, शौचकूप कोठे असावेत, कचरा कोठे टाकू नये, हे सारे नियमाने बांधले गेले आणि नियमभंगास दंड ठरला. याचा लाभ झाला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु ही सारी व्यवस्था शिपायाच्या रक्षणार्थ होती; बाजारातील वाणी, शिंपी, धोबी, भिस्ती यांच्याकडे ती केवळ रोगाचे संभाव्य उगमस्थान म्हणून पाहत असे. ज्यांच्या अंगणात नियम लागू होत, त्यांना नियम करताना कोणी विचारीत नसे. लोकांनी निवडलेले सभासद छावणी मंडळांत बसू लागले ते १९२४ च्या कायद्याने.

साथ ही एका माणसाची व्याधी नसून साऱ्या प्रदेशाची व्याधी आहे, हा विचार आपल्याकडे नवा नव्हे. चरकसंहितेच्या विमानस्थानात ‘जनपदोद्ध्वंसनीय’ नावाचा एक अध्यायच आहे. पांचाल देशातील कांपिल्य नगरीत गंगातीरी भगवान आत्रेय अग्निवेशास हा विषय सांगतात. माणसांच्या प्रकृती, आहार, बल, वय ही सारी निरनिराळी असता एकाच वेळी एकाच रोगाने गावेच्या गावे का ओस पडावीत, असा शिष्याचा प्रश्न आहे. उत्तर असे की वायू, उदक, देश आणि काल ही चार सर्वांस समान आहेत. ती बिघडली म्हणजे सर्वच बिघडतात, आणि या चारांत उत्तरोत्तर एकेक अधिक दुष्परिहार्य आहे. बिघडलेल्या देशाची जी लक्षणे तेथे सांगितली आहेत, त्यांत मशक आणि मूषक हे दोन्ही शब्द येतात. यावरून प्राचीनांना आजचे जंतुशास्त्र ठाऊक होते असा निष्कर्ष काढण्याचा मोह काहींना होतो. तो आवरावा हे बरे. पिसवांमुळे उंदराचा प्लेग माणसास होतो हे निश्चित होण्यास विसावे शतक उजाडावे लागले. प्राचीनांचे निरीक्षण सूक्ष्म होते, एवढे म्हणणे पुरेसे आहे आणि ते खरेही आहे. भूमी निर्वीर्य होण्यापूर्वीच औषधी गोळा करून ठेवाव्यात, असे आत्रेय आरंभीच बजावतात, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग प्रकटला आणि हुकुमाच्या आरोग्याची खरी कसोटी लागली. पुण्यात १८९७ मध्ये रँडच्या अधिकाराखाली गोरे शिपाई घराघरांत शिरले. देवघर, माजघर, सोवळे-ओवळे कशाचाही विधिनिषेध राहिला नाही. आजाऱ्यास आणि त्याच्या आप्तांस उचलून नेले जाई. लोक रोगापेक्षा रोगनिवारणास भिऊ लागले आणि आजारी माणसे लपवू लागले, म्हणजे ज्या हेतूने झडती, तोच हेतू झडतीने बुडाला. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, तो इतिहास सर्वश्रुत आहे. त्याच पुण्याच्या वेशीबाहेर, त्याच वर्षी, सावित्रीबाई फुले आपल्या डॉक्टर पुत्रासह, यशवंतासह, प्लेगाच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या आणि त्यातच १० मार्च १८९७ रोजी त्यांचा देह पडला. झडतीची कथा जितकी सांगितली जाते, तितकी या शुश्रूषेची सांगितली जात नाही.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी प्लेग माळव्यात उतरला आणि वर्षानुवर्षे ठाण मांडून बसला. १९१७ मध्ये महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या इंदूर दरबाराने नगररचनेसाठी एका स्कॉटिश पंडितास पाचारण केले. त्यांचे नाव पॅट्रिक गेडीज. मूळचे ते वनस्पतिशास्त्रज्ञ. १८५४ चा जन्म, म्हणजे वय त्रेसष्ट. गल्लीबोळ पायी हिंडणे, माणसांशी बोलणे, विहिरी, झाडे, ओटे पाहणे आणि मगच कागदावर रेघ ओढणे, ही त्यांची रीत. जुन्या वस्त्या सरसकट पाडण्याचे ते विरोधक होते. अवघडलेल्या ठिकाणी तेवढेच छेद द्यावे, बाकीचे अंग शाबूत ठेवावे, असे त्यांचे मत असे. त्या वर्षाने त्यांच्यावर मोठा आघात केला होता. एप्रिल १९१७ मध्ये त्यांचा ज्येष्ठ पुत्र फ्रान्सच्या रणभूमीवर पडला. जूनमध्ये पत्नी ॲना कलकत्त्यास तापाने वारल्या. पुत्रशोकाची वार्ता रुग्णशय्येवरील मातेस अखेरपर्यंत कळू दिलेली नव्हती. अशा मनःस्थितीत हा मनुष्य इंदुरात आला.

आला तो लोकांच्या संशयास पात्र होऊनच. वही घेऊन गल्लीत शिरणारा साहेब म्हणजे घरे पाडणारा, नव्हे, प्लेग आणणारा, असे पोरेसोरे ओरडू लागली. पुण्याच्या आठवणी वीस वर्षांच्याच जुन्या होत्या; लोकांना नावे ठेवण्याचे कारण नाही. गेडीज यांनी यावर जो उपाय योजला, तो कोणत्याही आरोग्याधिकाऱ्याच्या पुस्तकात नव्हता. त्यांनी दरबाराकडे एका दिवसापुरता महाराजांचा अधिकार मागून घेतला, आणि तो दिवस दिवाळीचा निवडला.

दवंडी अशी पिटली गेली की यंदाची मिरवणूक हिंदूंच्या नेहमीच्या मार्गाने जाणार नाही, मुसलमानांच्या नेहमीच्या मार्गानेही जाणार नाही. ज्या रस्त्यावरील घरे सर्वांत अधिक स्वच्छ आणि डागडुजी केलेली आढळतील, त्या रस्त्याने ती जाईल. घरातील कचरा सरकारी गाड्या विनामूल्य उचलून नेतील. दंडाचा एक शब्दही त्यात नव्हता. मग काय विचारता! आपल्या दारावरून हत्ती जावेत असे कोणास वाटणार नाही? गल्ली गल्लीशी चढाओढ करू लागली. अडगळीच्या खोल्या रिकाम्या झाल्या, भिंतींना चुना लागला, उंदीर पकडले गेले. दिवाळीपूर्वी घर झाडणे ही आपली रीतच आहे. लक्ष्मीपूजनास केरसुणीची पूजा करणे आणि त्या रात्री सूप वाजवून अलक्ष्मीस घराबाहेर घालविणे हाही जुनाच आचार. गेडीज यांनी नवे काही लादले नाही. जो आचार एकेका घराच्या उंबऱ्याशी थांबत होता, तो त्यांनी रस्त्यावर आणला.

मिरवणुकीच्या अग्रभागी धनधान्याचे, कापसाचे देखावे आणि हत्तीवर आरूढ लक्ष्मी होती. तिच्या मागोमाग कर्कश वाद्यांच्या गदारोळात राक्षस, मोडक्या अंधाऱ्या घरांच्या प्रतिकृती, घाणीचा एक प्रचंड दैत्य, हिवतापाचे डास आणि प्लेगाचा भला मोठा उंदीर चालले होते. आणि त्यांच्या पाठोपाठ, या साऱ्या असुरसेनेचा जणू पाठलाग करीत, शहराचे सफाई कामगार निघाले. शुभ्र वस्त्रे, हाती नवे झाडू, गळ्यात फुलांच्या माळा. ज्यांची सावली चुकवून लोक चालत, ते राजमार्गाच्या मध्यभागातून सन्मानाने चालले. त्यांच्यामागे आली एक नवीनच देवता, साक्षात इंदूर नगरी, हाती भावी नगराचा आराखडा घेऊन. मग कारागिरांचे देखावे, नियोजित इमारतींच्या प्रतिकृती, आणि अखेरीस फुलाफळांच्या गाड्या. तुळशीची रोपे लोकांत वाटली गेली. तुळशीवृंदावनाविषयी गेडीज यांनी आपल्या अहवालात आदराने लिहिले आहे. जेथे वृंदावन राखले जाते तेथे अंगण राखले जाते, आणि अंगण राखणारी गृहिणी हीच नगराची पहिली आरोग्यरक्षक होय, असा त्यांचा आशय. रात्री मैदानात घाणीचा दैत्य आणि उंदीर यांचे दहन झाले.

या मिरवणुकीने प्लेग गेला काय? साथ पुढे ओसरली हे खरे. परंतु प्लेगाची लाट ऋतुमानाप्रमाणे चढते-उतरते, म्हणून सारे श्रेय एका दिवाळीस देता येणार नाही. शिवाय एका वर्षाच्या आत, १९१८ च्या शरद ऋतूत, इन्फ्ल्युएंझाने हिंदुस्थानात किमान एक कोटी वीस लाख माणसे नेली. श्वासावाटे पसरणाऱ्या त्या रोगापुढे झाडलेली अंगणे निरुपयोगी ठरली. आत्रेयांच्या भाषेत सांगावयाचे तर देश शुद्ध केला तरी वायू शेष राहतो. मात्र जी गोष्ट पुण्यास संगिनींनी साधली नाही, ती इंदुरास साधली, ती ही की लोकांनी आपली दारे आतून उघडली. गेडीज यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

तथापि एक प्रश्न उरतो आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी त्या सफाई कामगारांच्या गळ्यातील माळा सुकल्या, तेव्हा काय झाले? काम तेच राहिले, वस्ती तीच राहिली, आणि सार्वजनिक विहिरीचे पाणीही पूर्वीइतकेच दूर राहिले. महूच्याच छावणीत, लष्करी शाळेतील सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरी, १४ एप्रिल १८९१ रोजी ज्या बालकाने जन्म घेतला, त्याने १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन हाच प्रश्न साऱ्या देशापुढे ठेवला. उदक सर्वांस समान आहे असे वैद्यकशास्त्र म्हणते आणि आचार मात्र त्याची वाटणी करतो, ही विसंगती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जितक्या स्पष्टपणे दाखविली, तितकी क्वचितच कोणी दाखविली असेल. दुसऱ्या टोकाने गाडगेबाबांनी तेच केले. गावात पाऊल टाकताच आधी खराटा, मग कीर्तन. आणि खराटा दुसऱ्याच्या हाती देऊन स्वतः उपदेश करण्याचा मार्ग त्यांनी कधी पत्करला नाही.

कचरा उचलला, पण टाकावयाचा कोठे, या प्रश्नाचे उत्तरही याच परिसरातून निघाले. १९२४ मध्ये इंदुरास वनस्पती-उद्योगाची संशोधनसंस्था स्थापन झाली. तिचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी रसायनज्ञ यशवंत वाड यांनी पालापाचोळा, काडीकचरा, शेण, गोठ्यातील मूत्रमिश्रित माती आणि राख यांचे थर रचून, ते ठरावीक वेळी परतून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची पद्धती सिद्ध केली. ‘इंदूर पद्धती’ या नावाने ती पृथ्वीवर सर्वत्र गेली. दोघांचा ग्रंथ १९३१ चा. ढीग नीट रचला म्हणजे आतून असा तापतो की माश्यांच्या अळ्या आणि पुष्कळसे रोगबीज त्यातच नष्ट होतात. म्हणून ही पद्धती जितकी शेतीची तितकीच आरोग्याची. जॅक्सन आणि वाड यांनी ती वस्तीतील मैल्यास व कचऱ्यास लावून पाहिली. इंदूर रेसिडेन्सी, इंदूर शहर आणि माळवा भिल्ल पलटण या तीन ठिकाणच्या प्रयोगांचा वृत्तांत १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि मध्य हिंदुस्थान व राजपुतान्यातील अनेक संस्थानांनी तिचा स्वीकार केला. हॉवर्ड यांचे नाव जगभर झाले. वाडांचे नाव त्यांच्या स्वतःच्या मुलखातही फारसे कोणी घेत नाही, याचा खेद वाटतो.

स्वातंत्र्योत्तर काळातील हकिकत वाचकांस परिचित आहे, म्हणून तिचा विस्तार करीत नाही. महूचे नाव २००३ मध्ये डॉ. आंबेडकर नगर झाले. गेडीज यांच्या दिवाळीस शंभर वर्षे झाली त्याच २०१७ साली राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणात इंदूर प्रथम आले आणि पुढेही सतत प्रथम राहिले. घरातच ओला व सुका कचरा वेगळा करून दारावरील गाडीत देण्याची शिस्त तेथील गृहिणींनी अंगी बाणविली, आणि ओल्या कचऱ्याचे खत करण्याची जुनी विद्या नव्या यंत्रांनिशी परत आली. २०२३ च्या सर्वेक्षणाचे निकाल जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले, तेव्हा देशातील छावणी मंडळांत प्रथम क्रमांक महूचा होता. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेस कायद्याने मनाई झाली ती १९९३ मध्ये. तो कायदा अपुरा ठरल्यामुळे २०१३ मध्ये दुसरा करावा लागला. गटारात उतरलेला कामगार गुदमरून दगावल्याच्या वार्ता देशाच्या निरनिराळ्या भागांतून त्यानंतरही येत राहिल्या आहेत.