नळी नव्हे, सांधा

माझी सगळी नोकरी चिकटवण्यात गेली. पिंपरीच्या एका कारखान्यात मी गाड्यांच्या सुट्या भागांसाठीचं इपॉक्सी तपासायचे: किती ताणलं की सुटतं, कुठून ओढलं की सोलवटतं. त्यामुळे जुनी रोड बाईक घ्यायला निघालेला भाचा फोटो दाखवून "मावशी, नळ्या बघ, अस्सल कार्बन!" म्हणतो, तेव्हा माझी नजर नळ्या जिथे संपतात तिथे जाते. दोन-तीन पदार्थ एकत्र करून बनवलेल्या सायकलच्या फ्रेमचा इतिहास म्हणजे माझ्या मते सांध्यांचा इतिहास. नळ्यांच्या वाट्याला जाहिराती आल्या, एवढंच.

हा इतिहास बराच मागे जातो. ऑस्ट्रियातलं फेरलाख हे बंदुका घडवणाऱ्यांचं गाव. तिथल्या ग्रुंडनर आणि लेमिश यांनी १८९६च्या सुमारास बांबूचे दांडे धातूच्या सांध्यांत बसवून सायकली केल्या. बांबू हलका खरा, पण हवेप्रमाणे फुगतो, आकसतो, चिरफळतो. धातू आपला ढिम्म. पोलादाला ही कटकट नव्हती. नळी पोलादाची, तिला धरणारा लग पोलादाचा आणि मध्ये वितळवून सोडलेलं पितळ. आपल्या जुन्या हर्क्युलस-ॲटलसच्या रंगाखाली हाताला लागतात ते हेच लग. पोलादाचं राज्य इतकी वर्षं टिकलं, त्यात या बिनतक्रार सांध्याचा वाटा मोठा.

ॲल्युमिनियम आलं आणि गोंदाला काम मिळालं. वेल्डिंगच्या उष्णतेने ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची मेहनतीने आणलेली ताकद सांध्यापाशीच उतरते. ती परत मिळवायला अख्खी फ्रेम भट्टीत घालावी लागते. इटलीत पादुआजवळच्या ॲलन कंपनीने १९७०च्या दशकात नळ्यांना आटे पाडून त्या सांध्यांत फिरवून बसवल्या आणि वर गोंद लावला. फ्रान्सच्या व्हीटसने आटेही काढून टाकले. तिच्या ९७९ या फ्रेममध्ये नळी सांध्याच्या बोंडावर सरकवायची आणि इपॉक्सीवर सोडून द्यायची. आयर्लंडच्या शॉन केलीने व्हीटसवर शर्यती मारल्या, आणि हा गडी १९८२ ते १९८८ सलग ७ वेळा पॅरिस-नीस जिंकलेला. गोंदावर चालणारी सायकल म्हणून हसणाऱ्यांना याहून चांगलं उत्तर नाही. त्यामागचं गणित साधं आहे. नळी सांध्यावर खोलवर बसली की गोंदावर येणारा जोर घसरणीचा असतो, सोलण्याचा नसतो. इपॉक्सी घसरण मजबूत पेलतं. सोलायला लागलात तर कडेपासून उचकटतं.

कार्बनच्या नळीला तर वेल्डिंगही नाही आणि पितळही नाही. ॲलनने कार्बन नळ्या आणि ॲल्युमिनियमचे सांधे ही जोडी जमवली. अमेरिकेत एक्सॉन या तेलकंपनीच्या ग्राफटेक फ्रेममध्ये पातळ ॲल्युमिनियमच्या नळीवर कार्बन गुंडाळलेला आणि सांधे स्टेनलेस स्टीलचे: एका फ्रेममध्ये ३ पदार्थ. मग आलं १९८६. फ्रान्सची लूक ही मुळात स्कीची बंधनं बनवणारी कंपनी. तिच्या केजी ८६ या फ्रेममध्ये कार्बन आणि केव्हलार या तंतूंच्या नळ्या ॲल्युमिनियमच्या सांध्यांत चिकटवलेल्या होत्या. तिच्यावर ग्रेग लमाँडने त्या वर्षीची टूर द फ्रान्स जिंकली आणि जायंट, स्पेशलाइज्डसारख्या कंपन्यांनीही तोच मार्ग धरला. गंमत अशी की त्याच १९८६ साली केस्ट्रेल या कंपनीने साच्यातून काढलेली सबंध कार्बनची फ्रेम आणली. म्हणजे धातूचे सांधे जिंकले त्याच वर्षी त्यांना निवृत्त करणारा साचाही तयार होता.

माझ्या धंद्यातली खरी गोष्ट इथे सुरू होते. कार्बनमधून वीज वाहते. तो आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मध्ये खारट ओल आली, की छोटी बॅटरीच तयार होते आणि तिच्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. होणारा ऑक्साइड मूळ धातूपेक्षा जास्त जागा खातो, रंगाला फोड आणतो आणि गोंदाला आतून उचलतो. खारट ओल म्हणजे समुद्रच हवा असं नाही. हॅण्डलवरून टपकणारा घाम पुरतो. शिवाय ऊन चढलं की ॲल्युमिनियम प्रसरण पावतं आणि कार्बन तंतूच्या दिशेने जवळजवळ हलतच नाही. ती ओढाताणही गोंदाने सोसायची. म्हणून जाणते कारागीर धातूवर संरक्षक थर चढवत, म्हणजे तो अनोडाइज करत आणि दोघांच्या मध्ये काचतंतूचा पातळ थर घालत. तो थर कधी कॅटलॉगात झळकला नाही, पण फ्रेमचं आयुष्य त्यावर ठरलं.

पुढे ॲल्युमिनियमची फ्रेम आणि सीटखालून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या दोन नळ्या तेवढ्या कार्बनच्या, अशी टूम निघाली. धक्के कमी बसतात, असं सांगायचे. टायरमधली हवा जरा उतरवली तर त्याहून जास्त फरक पडतो, असं माझं मत. सांधे मात्र वाढले. त्यापेक्षा सरोटा, सेव्हन या अमेरिकी कारागिरांनी कार्बनला टायटॅनियमची सोबत दिली ती मला पटते. टायटॅनियमवर स्वतःचाच चिवट ऑक्साइड असतो, कार्बनशेजारी ते गंजत नाही आणि उन्हात ॲल्युमिनियमच्या निम्म्याहूनही कमी फुगतं. हौसेची किंमत जबर, पण रसायनाच्या दृष्टीने जोडा शोभतो.

भाच्याला मी एवढंच सांगितलं. सांध्याच्या कडेला रंगाचे फोड दिसले तर परत फिर. सीटपोस्ट सुटून बाहेर येतो का बघ. अडकला असेल तर आत गंज आहे असं समज. नाण्याने सांध्याभोवती ठकठक कर. एखाद्या जागी आवाज बोदा आला तर तिथला गोंद सुटला असण्याचा संभव आहे. हे सगळं पार पडलं, तर १९८०च्या दशकातली चिकटवलेली फ्रेमही बेलाशक घ्यावी. आणि विकणारा नळ्यांचं वजन सांगू लागला, तर त्याला विचार: दोघांच्या मध्ये काय घातलंय?