'रॉक मशीन'चा पहिला ध्वनिसंग्रह आणि स्वतंत्र रचनेचा प्रश्न
१९८४ साली मुंबईत स्थापन झालेल्या 'रॉक मशीन' या वाद्यवृंदाचा 'रॉक अँड रोल रेनिगेड' हा पहिला ध्वनिसंग्रह १९८८ साली प्रसिद्ध झाला. तत्पूर्वी शहरातील बहुतेक रॉक वाद्यवृंद परकीय गीतेच वाजवीत. मूळ ध्वनिमुद्रिकेशी असलेल्या साम्यावरून वादकांचे मोल ठरे. स्वरचित गीतांना हा निकष लावणे शक्यच नव्हते. तथापि भाषा व वादनशैली पाश्चात्त्यच राहिल्यामुळे अनुकरणाचा आक्षेप सर्वस्वी अनाठायी म्हणता येत नाही. गीत स्वतःचे झाले, परंतु स्वर कोणाचा, हा प्रश्न उरलाच. १९९३ साली वृंदाने 'इंडस क्रीड' हे नाव धारण केले आणि १९९५ च्या संग्रहात भारतीय वाद्यांना स्थान दिले. हे स्थित्यंतर त्याच प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न होय, असे मानणे सयुक्तिक ठरेल.